दांड्यावरचं घर

४ मे, रविवार

आजपासून मी समुद्रकाठी राहते. वाक्य लिहून पाहिलं, छान दिसतं. मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि उठून दाराच्या कड्या तपासल्या.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याच्या छपराचं. पुढे समुद्र, मागे तळं, दोघांच्या मधे वाळूचा लांबच लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला शेवटचं घर माझं. माझं म्हणजे व्हायचंय अजून. विसार दिला आहे, खरेदीखतावर सही पंधरा सप्टेंबरला. घरमालकीण एलिदा चावी देताना म्हणाली, "तोवर राहून बघ ग, झुल्मा. लग्नाआधी राहून बघावं, तसं." एकेचाळीस वर्षं संसार करून तीन वर्षांमागे विधवा झालेली बाई. आता तालुक्याच्या गावी लेकीकडे असते. म्हणते, एकटीला इथे करमत नाही. मीही एकटीच राहणार आहे, याची आठवण मी तिला करून दिली नाही.

एकतीस वर्षं मी एका विमा कंपनीत लोकांचे नुकसानभरपाईचे अर्ज नामंजूर करत होते. घराला काय काय होऊ शकतं हे माझ्याइतकं या देशात फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून विसार देण्याआधी मी छपराचे खिळे मोजले, वाळवीसाठी वासे ठोकून पाहिले, वायरिंग उघडायला लावलं. काल मागच्या दाराला तिसरी कडी बसवून घेतली. राजधानी मोंतेविदेओतला फ्लॅट विकला आहे. परत जायला जागा नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे रोज नव्याने आठवायला नको.

धाकटी बहीण माबेल दर रविवारी फोन करणार आहे. म्हणजे मी मेले तर जास्तीत जास्त सात दिवसांत कळेल.

६ मे, मंगळवार

दुकानात गेले. बार्रा देल तेरो या गावात हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर, एकच दुकान उघडं असतं, निएवेसचं. ती, तिची अंथरुणाला खिळलेली आई क्लोतिल्दे आणि चार कोंबड्या. जागा तळ्याकाठी, सखल. म्हातारीचा पलंग दुकानामागच्या खोलीत, दार सताड उघडं. म्हणजे म्हातारीला गिऱ्हाइकं दिसतात, आणि गिऱ्हाइकांना म्हातारी ऐकावी लागते.

"नवी दिसतेस, शेजारीण. कुठलं घर?" निएवेसने विचारलं. इथे सगळे सगळ्यांचे शेजारी, आणि सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात.

"टोकावरचं. एलिदाचं."

काउंटरपाशी तिघे गप्पा मारत होते, ते थांबले. एकजण पावांकडे टक लावून पाहू लागला, जणू पाव आज पहिल्यांदाच बघतोय.

आतून म्हातारी ओरडली, "घेतलं का कुणीतरी शेवटी!"

"आई, तू झोप."

"झोपलेलीच आहे मी, सहा वर्षं!"

निएवेसने पाव बांधला, वर एक जास्तीचा घातला. पैसे घेईना. "राहू दे ग. निवांत रहा."

शहरात तीस वर्षं एकाच बेकरीत जात होते, कुणी शिळा पाव फुकट दिला नाही. गावची माणुसकी म्हणतात ती हीच असावी. तरी घरी आल्यावर पाव उलटसुलट करून, वास घेऊन पाहिला. चांगला होता.

११ मे, रविवार

सकाळी व्हरांड्यात आले तर समोर वाळूत एक म्हातारा उभा. बगलेत थर्मास, हातात माते नावाच्या कडू चहाचा भोपळा, पाठ माझ्याकडे. मी आत जाऊन तिन्ही कड्या लावल्या आणि पडद्याआडून बघत बसले. चाळीस मिनिटं तो समुद्राकडे पाहत होता, मग तळ्याकडे, मग माझ्या घराकडे. मधूनमधून नळीने कडू पाणी ओढत होता. मग येऊन दार वाजवलं.

नाव वॉशिंग्टन ओलिवेरा. आमच्याकडे आईबाप पोरांची नावं नकाशातून काढतात, त्याला इलाज नाही. मच्छीमार, सत्तरीचा. एलिदाच्या नवऱ्याचा जिवलग दोस्त होता म्हणे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा पुढे केला.

"कोर्विना. सकाळचाच आहे." मग जरा थांबून, "सही केलीस?"

"कसली?"

"घराची."

"सप्टेंबरात आहे."

"हं. मग काही घाई नाही."

"घाई कुठे म्हणाले मी?"

"नाही म्हणालीस. चांगलं आहे." टोपी सारखी केली आणि गेला.

माबेलला फोनवर सांगितलं. "त्याला स्वतःला हवंय ते घर," ती म्हणाली. "मासा फुकट देतो आणि सही झाली का विचारतो! तूच म्हणायचीस ना, ज्याला काही नको तो अर्ज करत नाही." माझी वाक्यं माझ्यावरच वापरायची तिला जुनी सवय आहे.

मासा चविष्ट होता. त्याने शंका जास्तच वाढली.

२ जून, सोमवार

तीन दिवस संततधार. असा पाऊस लागला की या देशात घरोघर पिठाच्या चकत्या तळायला घेतात. निएवेस छत्री सांभाळत ताटभर घेऊन आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

मी म्हटलं, "तळं बरंच चढलंय."

"चढणारच की. सगळ्या माळरानाचं पाणी इथे येतं आणि पुढे दांडा आडवा. तो फोडेपर्यंत जाणार कुठे?"

"फोडतं कोण?"

"आपणच, फावडी घेऊन. एकदा चर पाडला की तळं आपलं आपण समुद्रात जातं. कधी ते वॉशिंग्टन सांगतो. वारा बघतो, भरती बघतो."

"आणि कुठे?"

निएवेस चकतीचा तुकडा मोडत होती, ती मोडतच राहिली. चार तुकडे झाले, आठ झाले. "ते आपलं... ठरलेलं असतं. अग साखर घाल वरून, नुसती काय खातेस!"

मग मी तिला विचारलं, खाऱ्या हवेने गॅसचा रेग्युलेटर गंजतो का. तिचा चेहरा एकदम उजळला. अर्धा तास समजावून सांगत होती. गंजतो. मला वाटलंच होतं. उद्या नवा मागवते.

१४ जून, शनिवार

एलिदा आली होती. हातात कुंडी, गळ्यात गळा. "कशी आहेस ग? झोप लागते ना?"

नाही लागत, म्हटलं. वाऱ्याच्या दिवशी लाटा आपटल्या की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. आधी वाटलं माझा हात कापतोय. हात काढून घेतला तरी थरथरत होतं.

"ते नेहमीचंच," ती म्हणाली. "आमचे हे तर त्याशिवाय झोपत नसत."

मी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. ती स्वयंपाकघरातच बसली, भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, समुद्राकडे पाहिलं की ह्यांची आठवण येते. दोन तास बसली, एकदाही त्या बाजूला मान वळवली नाही. किती प्रेम असेल! मी माझ्या नवऱ्याला विसरायला अर्धा दिवस घेतला होता.

जाताना दारात घुटमळली. "तुला बरं पडणार असेल तर किंमत थोडी कमी करू. सही लवकर उरकली तर." मी मागितलं नसताना! चांगली माणसं व्यवहारात अशी भोळी असतात. मी म्हटलं, ठरलंय तसंच होऊ दे. तिचे डोळे भरून आले.

व्हरांड्याच्या फरशीला एक भेग आहे. विचारायचं राहून गेलं.

२९ जून, रविवार

पाऊलखुणा.

गेले चार दिवस रोज सकाळी. व्हरांड्याच्या पायरीपासून सुरू होतात, सरळ रेषेत दांड्याच्या खोलगट भागाकडे जातात आणि परत येतात. चोर असा चालत नाही. चोर खिडकीकडे येतो. हा माणूस माझ्या घरापासून दूर जात होता, मोजून टाकलेली सारखी पावलं. मी त्यांवर माझी पावलं टाकून पाहिली. बत्तीस.

आज खुणांच्या जागी काठ्या. पाच काठ्या, डोक्याला लाल रंग, ठरावीक अंतरावर रोवलेल्या. एकतीस वर्षांत असल्या काठ्या मी एकाच कामासाठी पाहिल्या आहेत. दुसऱ्याच्या जमिनीवर हद्द दाखवायला.

दार, खिडक्या, कड्या. फोनमध्ये पोलिसांचा नंबर. सर्वात जवळची चौकी एकवीस किलोमीटर.

६ जुलै, रविवार

उपटल्या. पाचही. स्टोव्हमध्ये घातल्या, छान पेटल्या.

९ जुलै, बुधवार

नव्या पाच काठ्या. तशाच लाल.

१० जुलै, गुरुवार

त्याही जाळल्या. दुपारी वॉशिंग्टन आला, भोक पडलेल्या वाळूकडे बघत उभा राहिला. मी पडद्याआड. त्याने एकदा माझ्या धुराड्याकडे पाहिलं. मग खाली बसून थर्मास उघडला आणि अख्खा रिकामा होईपर्यंत तिथेच बसून राहिला. त्यानंतर काठ्या आल्या नाहीत.

जिंकले मी. मग कड्या पुन्हा पुन्हा का तपासतेय?

२२ जुलै, मंगळवार

आज त्याला दारातच गाठलं. पुन्हा मासा, पुन्हा तोच प्रश्न.

"सही केलीस?"

"चौथ्यांदा विचारतोयस, वॉशिंग्टन. तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं."

"मग?"

त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "सप्टेंबर म्हणालीस ना. सप्टेंबर बरा आहे. तोवर हिवाळा सरतो. हिवाळ्यात घर कळतं माणसाला."

"मला कळलंय."

"बरं."

"आणि एलिदा तुझ्या दोस्ताची बायको आहे. तिचं घर विकलं जाऊ नये असं का वाटतं तुला?"

यावर त्याने मासा पायरीवर ठेवला आणि वळला; मला वाटलं, नेम बरोबर बसला. जाताना म्हणाला, "तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोललेलो नाही हं. बोलणारही नाही."

बोलणारही नाही! माझ्या एकतीस वर्षांत असं म्हणणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवत होता.

लगेच एलिदाला फोन केला. सही अलीकडे आणू म्हटलं. तिने लगेच सात ऑगस्ट सांगितली. मग म्हणाली, "देव तुझं भलं करो."

७ ऑगस्ट, गुरुवार

सही झाली. नोटरी पिरिस यांनी पूर्ण खत मोठ्याने वाचून दाखवलं, चौदा पानं, एकसुरी. टायटल स्वच्छ. कर भरलेले. कुणाचा बोजा नाही. "काही प्रश्न?" मी अकरा प्रश्न विचारले. छपराची जबाबदारी, विहिरीचा पंप, विजेच्या मीटरवरचं नाव. अकराही प्रश्नांना समाधानकारक उत्तरं मिळाली.

एलिदाने खाली मान घालून सही उरकली. मिठी मारली, कानात काहीतरी पुटपुटली, ते ऐकू आलं नाही, आणि इतक्या भराभर जिना उतरली की तिची छत्री राहिली. मी वरून हाक मारली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बसमधून येताना पाऊस. घर माझं. कुणी काढून घेऊ शकत नाही. हे वाक्यही छान दिसतं.

९ ऑगस्ट, शनिवार

वॉशिंग्टन. या वेळी मासा नाही.

"सही केलीस म्हणे."

"केली."

त्याने टोपी काढली आणि काढूनच ठेवली. पाऊस त्याच्या टकलावरून ओघळत होता. मला वाटलं, शिव्या देईल. तो म्हणाला, "मग आता तुझ्याशीच बोलायला हवं." आणि न बोलता निघून गेला.

तेव्हापासून मी हातात लाटणं घेऊन घरात फिरते आहे. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याविरुद्ध.

१८ ऑगस्ट, सोमवार

आग्नेयेचं वादळ, तिसरा दिवस. समुद्र पुढून आपटतो आणि तळं मागून चढतं. मागच्या पायरीला पाणी लागलंय. लाटेगणिक घर अंग आखडल्यासारखं होतं, मग सैल पडतं. फरशीच्या भेगेत आता माझी करंगळी जाते. घालून पाहिली, आणि पाहायला नको होती.

माझ्या सगळ्या याद्या काढून वाचल्या. गॅस, वाळवी, चोर, शॉर्टसर्किट, कुत्रे, पक्षाघात. सहा पानं. पाणी कुठेही नाही. समुद्राकाठचं घर घेतलं आणि पाणी लिहायचं राहिलं. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला असता.

२० ऑगस्ट, बुधवार

आज सगळे आले. वॉशिंग्टन, निएवेस आणि तळ्याकाठची सहा-सात माणसं, कमरेपर्यंत भिजलेली. व्हरांड्यात उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईनात. फरशी खराब होईल म्हणाली.

"दुकानात गुडघाभर पाणी आहे," निएवेस म्हणाली. "आईचा पलंग खोक्यांवर चढवलाय. आठ घरांत शिरलंय."

"मग दांडा फोडा ना! वाट कसली बघताय?"

सगळे वॉशिंग्टनकडे बघायला लागले.

"वाळू एकाच जागी खोलगट आहे," तो म्हणाला. "तीन वर्षांमागे पलीकडे फोडून पाहिला, समुद्राने एका दिवसात बुजवला. पाणी इथूनच जातं. तुझ्या पायरीपासून तीस-बत्तीस पावलांवरून. आणि चर पडला की तो रुंदावतो. कधी पलीकडे सरकतो, कधी अलीकडे. ते आपल्या हातात नाही."

"अलीकडे म्हणजे?"

अलीकडे मी उभी होते.

"म्हणून इथे रीत आहे," तो पुढे म्हणाला. "टोकाच्या घराने पहिलं फावडं मारायचं. त्याने मारलं तरच बाकीच्यांनी हात लावायचा. माझा दोस्त दर हिवाळ्यात मारायचा. तेव्हा घरापुढे शंभर पावलं वाळू होती. तो गेल्यावर एलिदाने दोन वर्षं नाही म्हटलं."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"टोकाच्या घराचं ऐकावं लागतं. दोन हिवाळे आम्ही पाण्यात काढले. पाऊस कमी होता, निभावलं."

मी ओरडले. "आणि मला? मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही! पाव देता, चकत्या देता..."

निएवेस रडायला लागली. वॉशिंग्टन म्हणाला, "दोस्ताच्या बायकोचं घर विकलं जात होतं. तिच्याकडे दुसरं काही नाही. मधे कसा बोलणार मी? पण विचारलं तुला. चार वेळा विचारलं. पाचव्यांदा विचारायला आलो तोवर तू करून बसलीस."

"त्या काठ्या..."

"चर तुझ्यापासून किती लांब ठेवता येईल ते मोजत होतो."

मी म्हटलं, "मी नाही मारणार फावडं."

"ठीक आहे," तो म्हणाला. आणि सगळे निघून गेले. मी पन्नासेक कारणं तयार ठेवली होती. एकही वापरावं लागलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मेणबत्त्या संपल्या म्हणून दुकानात गेले. असं मी स्वतःला सांगितलं. घरात अजून नऊ आहेत.

काउंटरवर कोंबड्या, पाण्यावर रिकामे डबे तरंगताहेत. पलंग बिअरच्या क्रेटवर, छपराच्या इतका जवळ की म्हातारीने हात वर केला तर वासा लागेल.

"कोण? टोकाची बाई?" क्लोतिल्दे म्हणाली. "ये, चढ वर. पाय ओले ठेवू नकोस, आजारी पडशील. मला बघ, झोपून झोपून काय झालंय."

मी पलंगाच्या कडेला बसले. पाणी क्रेटच्या तिसऱ्या ओळीला लागत होतं. म्हटलं, "तुम्हाला तालुक्याला हलवायला नको का? गाडी बोलवू."

"तुम्हाला काय म्हणतेस ग? मी काय मंत्री आहे?" ती हसली, मग खोकली, बराच वेळ. "हलवतात मला. दोघं पायाकडून, दोघं डोक्याकडून. गेल्या खेपेला पाण्यात पाडलं मेल्यांनी. आता नाही जात. इथे निदान दुकान दिसतं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! तुला काय वाटलं, म्हातारी झाले म्हणून संपली?" तिने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा. "सकाळपासून शू लागलीय, निएवेसला सांगत नाही. ती पाण्यात उतरेल म्हणून."

फावड्याबद्दल तिने काढलं नाही. निएवेसनेही नाही. मेणबत्त्या बांधून दिल्या. या वेळी पैसे घेतले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी वारा फिरला. वायव्येचा, माळावरचा. समुद्र मागे सरला होता.

माझ्याकडे फावडं नव्हतं. तिसरी कडी होती, दोन अग्निशामक सिलिंडर होते, फावडं नव्हतं. वॉशिंग्टनच्या पत्र्याच्या खोपटापर्यंत चालत गेले. तो दारात बसला होता, दोन फावडी शेजारी टेकवून.

"एक तुला लागलं तर म्हणून," तो म्हणाला.

वाटेत मी म्हटलं, "तुझ्या काठ्या मी जाळल्या."

"माहीत आहे. रंगाचा धूर काळा येतो."

"आता जागा कशी ठरवणार?"

"नजरेने. काठ्या असत्या तर बरं झालं असतं."

खोलगट जागी गाव जमलं होतं. त्याने टाचेने एक रेघ ओढली. मी मागे वळून पायरीकडे पाहिलं आणि पाहिल्याबरोबर कळलं, बत्तीस नाहीत ही. मध्यंतरीच्या वादळाने खाल्ली असावीत. मोजली नाहीत. तळहात स्वेटरला पुसले. एवढे लोक बघताहेत म्हणून पुन्हा पुसले. फावडं रोवलं. वाळू ओली, जड. एक ढेकूळ बाजूला टाकलं, म्हाताऱ्या बाईने केर टाकावा तेवढं.

मग ते सगळे तुटून पडले.

आधी पाणी हातभर रुंद होतं, एखाद्या पोराच्या खेळातलं. तासाभरात त्यावरून उडी मारता येईना. दुपारपर्यंत पलीकडच्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. तपकिरी पाणी, त्यात कुंपणाचे खांब, एक खुर्ची, कुणाची तरी होडी. दोन्ही काठांवरून वाळूचे तुकडे न वाजता खाली बसत होते. ते न वाजणं सगळ्यात वाईट.

संध्याकाळी निएवेसने निरोप पाठवला, दुकानाची जमीन दिसायला लागली.

२४ ऑगस्ट, रविवार

चराची कड घरापासून एकोणीस पावलं.

माबेलचा फोन. "कोर्टात खेच त्या बाईला! लपवून विकलं तिने!" नोटरी पिरिसना घरी फोन लावला, ते म्हणाले, प्रयत्न करता येईल, पण समोरचा वकील विचारेल, समुद्र तुम्हाला दिसत नव्हता का. हा प्रश्न मी स्वतः हजारदा विचारलेला आहे, पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात, नम्र भाषेत. त्यावर कुणालाही कधी उत्तर सुचलं नव्हतं.

एलिदाला फोन केला नाही. काय म्हणणार? तीही घाबरली होती. फरक इतकाच की तिला कशाला घाबरायचं ते माहीत होतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

चौदा. वारा पुन्हा आग्नेयेचा.

लोक येतात, पातेली ठेवून जातात. व्हरांड्याच्या भेगेवर निएवेसने पायपुसणं टाकलं, मी न बघताना.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

नऊ पावलं. व्हरांड्याची एक कड रात्रीत खाली गेली, आवाज न करता. सकाळी दार उघडलं तर दोन फरशा हवेत.

वॉशिंग्टन आला, नऊ पावलं चालून गेला, नऊ चालून आला.

"थांबेल का रे?" मी विचारलं.

"वारा फिरला तर चर पलीकडे सरकेल. नाही फिरला तर नाही."

"तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

त्याने घरात पाहिलं. समुद्राकडची खोली, खिडकी, खिडकीखाली पलंग. बराच वेळ पाहत होता.

"पलंग मागच्या खोलीत नेला असता," तो म्हणाला.

दोघांनी उचलला. दारातून जाईना, पाय काढावे लागले. मागच्या खोलीत नेऊन त्याने ते एकेक बसवले. पाना हातात घेऊन विचारलं, घट्ट करू का?

मी म्हटलं, हातानेच आवळ. वारा फिरो की न फिरो, परत काढावे लागतील.